सहा सुरांचं अक्षर

“वेबसाइट कर,” मगदूम सर म्हणाले. “दवाखान्याची कर, वाचनालयाची कर. सगळे तेच करतात. अफसाना मदत करेल तुला.”

“मला कर्नल लिहायचाय, सर.”

सरांचं पेन टेबलावर टेकल्याचा आवाज आला. मगदूम सर आमच्या संगणकशास्त्र विभागाचे प्रमुख. सांगलीच्या एका कॉलेजात मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि प्रोजेक्टचा विषय नक्की करायचा तो शेवटचा दिवस होता. शेजारी अफसाना मुजावर उभी होती. तिचा विषय कधीच मंजूर झाला होता, ती फक्त माझ्यासाठी थांबली होती.

“कर्नल म्हणजे काय माहितीये?”

“मशीन सुरू झाल्यावर सगळ्यात आधी जागा होतो तो प्रोग्रॅम. कीबोर्ड, मेमरी, डिस्क, सगळं त्याच्या ताब्यात. विंडोजच्या पोटात असतो तसा. माझा अगदी लहान असेल.”

“रेवती,” सरांनी आवाज मऊ केला. लोक माझ्याशी बोलताना आवाज असा मऊ करायचे, तेव्हा पुढे काय येणार ते मला कळायचं. “तुला स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं. तू स्वतःचा कर्नल लिहिणार म्हणजे तिथे विंडोज नाही. म्हणजे तो आवाजही नाही. मशीन मुकं. आत काय चाललंय ते तुला कळणार कसं?”

“ते मुकं राहू नये म्हणूनच लिहायचाय, सर.”

मी जन्मापासून आंधळी नाही. बारावीत असताना फळ्याच्या कडा विरघळायला लागल्या, कॉलेजचं पहिलं वर्ष संपता संपता उजेड आणि अंधार एवढाच फरक उरला, आणि मग तोही गेला. तोवर संगणकाचा नाद लागला होता. बोलणारं सॉफ्टवेअर मिळालं म्हणून तो सुटला नाही. पण मशीन अडकलं की ते सॉफ्टवेअर आधी गप्प व्हायचं, आणि मग कुणीतरी येऊन स्क्रीनवर काय आहे ते सांगेपर्यंत मी मांडीवर हात ठेवून बसून राहायचे. मला असं एक तरी मशीन हवं होतं, जे पहिल्या क्षणापासून माझ्याशी बोलेल. त्या काळच्या मशीनच्या आत एक चिमुकला स्पीकर असायचा, सुरू होताना एकदा ‘टीं’ करणारा. तेवढा घसा मला पुरेसा होता.

सरांचं पेन कागदावर खरखरलं. मग म्हणाले, “बरं. कर. मार्कांची काळजी करू नकोस. नाही जमलं तरी बाहेरून परीक्षक येतात त्यांना मी सांगेन.”

बाहेर आल्यावर अफसाना म्हणाली, “चला, मंजूर!” मी “हो” म्हणाले. सरांचं ते शेवटचं वाक्य मात्र बुटात खडा जावा तसं टोचत राहिलं.

घरी आईला सांगितलं तेव्हा ती भाजी चिरत होती. आई मिरजेच्या एका इस्पितळात नर्स होती, बाबा मी शाळेत असतानाच गेले होते.

“कर्नल? मिलिटरीतला?”

“तो नव्हे गं. मशीनमधला.”

“आणि बँकेतल्या ऑपरेटरच्या जागेचं काय? अंधांसाठी राखीव आहे म्हणे. टेलिफोनवर बसायचं, सावलीत काम. अर्ज भरूया ना?”

“भरूया,” मी म्हणाले. वाद घालायला माझ्याकडे तेव्हा काही नव्हतंच.

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक जुनं मशीन धूळ खात पडलं होतं. मोडीत जायचंच होतं, त्यामुळे ते मला द्यायला कुणाची हरकत नव्हती. मी बोलणाऱ्या मशीनवर बसून प्रोग्रॅम लिहायचे, फ्लॉपीवर उतरवायचे, ती फ्लॉपी त्या म्हाताऱ्या मशीनमध्ये घालायचे आणि बटण दाबून ऐकायचे. ऐकण्यासारखं पुष्कळ होतं. आधी पंख्याची घरघर, मग ‘टीं’, मग फ्लॉपीचं ‘खर्र, खर्र’. माझा प्रोग्रॅम वाचला जातोय हे त्या खरखरीवरून कळे. त्यानंतर माझं राज्य सुरू व्हायला हवं होतं.

ते होईना. खरखर थांबे आणि सगळं शांत.

“काय लिहिलंय गं स्क्रीनवर?” मी अफसानाला विचारलं.

“फ्लॉपीत सिस्टिमच नाही म्हणतंय.”

असं कितीतरी वेळा झालं. कर्नल कसा लिहायचा हे शिकवणारं आमच्याकडे कुणी नव्हतं. कॉलेजच्या ग्रंथालयात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं आणि सायबर कॅफेतून छापून आणलेले काही कागद होते. ते सगळं अफसाना कॅसेटवर वाचून रेकॉर्ड करायची. तिच्या घरातले आवाज त्यात यायचे. प्रोसेसरच्या रजिस्टरांची यादी चालू असताना मध्येच “अम्मी, दूध उतू चाललंय” असं ऐकू यायचं. त्याच कॅसेटवर एकदा मला सापडलं: फ्लॉपीच्या पहिल्या तुकड्याच्या अगदी शेवटी दोन ठरावीक आकडे असावे लागतात. ते असले तरच मशीन त्याला सुरू होण्याजोगा मानतं. माझ्या प्रोग्रॅममध्ये ते नव्हतेच.

दुसऱ्या दिवशी ते घातले. बटण दाबलं. घरघर, टीं, खर्र, खर्र, आणि मग एक आवाज सुरू झाला तो थांबेचना. चिरका, सरळ, कानात सुई घालणारा. मी स्पीकर चालू करायला सांगितलं होतं, बंद करायला सांगायचं विसरले होते. प्रयोगशाळेतली पोरं कानावर हात ठेवून ओरडायला लागली. मगदूम सर धावत आले.

“काय जाळलंत? बंद करा ते!”

“सर,” मी त्या आवाजाच्या वर ओरडले, “ते माझ्या सांगण्यावरून ओरडतंय!”

अफसानाने मला गदागदा हलवलं. आम्ही दोघी त्या किंकाळीत नाचलो. शेवटी सरांनीच वायर उपटली. पण जाता जाता दारात थांबले, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच मऊपणा नव्हता. “आवाज बंद कसा करायचा ते उद्या दाखव,” म्हणाले.

आवाज आला, पण बोलणार कशात? मी ब्रेल शिकले होते. ब्रेलमध्ये प्रत्येक अक्षराला सहा ठिपक्यांची जागा असते, त्यातले काही उठावदार, काही सपाट. मी ठरवलं, उठलेला ठिपका म्हणजे उंच सूर, सपाट म्हणजे खालचा. सहा सूर झाले की एक अक्षर. ‘ए’ म्हणजे एक उंच, पाच खाली. ‘आर’ म्हणजे उंच, उंच, उंच, खाली, उंच, खाली. अफसानाला ऐकून काही कळत नसे. “बेडकांचं भांडण चाललंय,” म्हणायची. मला मात्र बोटाखाली कागद असल्यासारखं लागायचं.

मग प्रोसेसरला त्याच्या जुन्या सोळा बिटांच्या चालीतून बत्तीस बिटांच्या चालीत न्यायचं होतं. त्याने माझा जीव काढला. तिथवर गेलं की मशीन स्वतःला बंद करून पुन्हा सुरू करायचं. टीं, खर्र. टीं, खर्र. टीं, खर्र. कुणीतरी दारावर येतंय, कडी वाजवतंय आणि उघडायच्या आत पळून जातंय, असं वाटायचं. मी प्रत्येक पायरीवर एकेक सूर पेरला. शेवटचा ऐकू आलेला सूर कोणता, त्यावरून कळायचं की कुठवर पोचलं आणि कुठे पडलं. जिथे पडत होतं तिथल्या चार ओळी मी इतक्या वेळा ऐकल्या की बोलणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सपाट आवाजात त्या मला झोपेतही ऐकू येत. शेवटी चूक निघाली ती एका पत्त्यात. नव्या चालीत मेमरीच्या हद्दी सांगणारा एक तक्ता लागतो. मी प्रोसेसरला जिथे बघायला सांगत होते तिथे तो नव्हताच, शेजारच्या घरात होता. पत्ता सुधारला. टीं, खर्र, आणि मग माझे सगळे सूर एकामागून एक, शेवटपर्यंत.

सहामाही संपली. राहिला होता कीबोर्ड. एवढं झालं की मशीन पूर्ण माझं: कळ दाबायची आणि ते अक्षर त्याने मला सुरांत म्हणून दाखवायचं.

पहिली कळ दाबली. ‘के’. उंच, खाली, उंच, खाली, खाली, खाली. बरोबर! दुसरी कळ दाबली. काही नाही. तिसरी, चौथी. काही नाही. मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. पहिलं अक्षर पुन्हा नीट, आणि मग मुकं.

असे कितीतरी दिवस गेले. परीक्षा जवळ येत होती. अफसानाचा स्वतःचा प्रोजेक्ट तयार होता, ती रोज माझ्याजवळ बसायची आणि माझं तोंड उतरलेलं बघायची.

एक दिवस सकाळी मी आले, मशीन सुरू केलं आणि सवयीने दोन कळा दाबल्या. दोन्ही अक्षरं वाजली. तिसरी दाबली, वाजली. मी वेड्यासारख्या कळा दाबत सुटले आणि मशीन एकेक अक्षर म्हणत राहिलं.

“झालं ना?” अफसाना म्हणाली. तिच्या आवाजात काहीतरी होतं. आनंद होता, पण आश्चर्य नव्हतं.

मी बोलणाऱ्या मशीनवर जाऊन प्रोग्रॅम उघडला आणि ओळ न् ओळ ऐकत गेले. कीबोर्डच्या भागात एक ओळ अशी सुरू झाली, जी मी लिहिली नव्हती. मी आवाज अर्ध्यातच तोडला.

“ही तू घातलीस?”

“अगं, पुस्तकात एका उदाहरणात होती. आपल्यात नव्हती. म्हटलं घालून बघू.”

“मला न विचारता?”

“रेवती, परीक्षा तोंडावर आलीय! एका ओळीने काय बिघडतं? सगळा प्रोग्रॅम तुझाच आहे की.”

“काढ ती.”

“काय?”

“काढ. आणि काय होती ते मला सांगू नकोस.”

“वेडी आहेस का तू?” अफसानाचा आवाज चढला. “इतके महिने मी घसा कोरडा करून ती पुस्तकं वाचतेय. मला कंटाळा येत नाही? एवढंसं केलं तर तू अशी बोलतेस जसं काही मी चोरी केली!”

आता हे सांगायला हवं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून माझी एकही प्रात्यक्षिक परीक्षा झाली नव्हती. म्हणजे मी जायचे. मला पंख्याखाली एक स्टूल दिलं जायचं. बाकीची पोरं धडपडायची, त्यांना प्रश्न विचारले जायचे, काहींना ओरडा बसायचा. माझ्याजवळ कुणीतरी येऊन खांद्यावर हात ठेवायचं. “तू बस गं. आम्ही देतो मार्क.” आणि द्यायचे, चांगले भरघोस. भौतिकशास्त्रात तर मी वर्गात पहिली आले होते, उपकरणाला हातही न लावता. घरी आई पेढे वाटायची, आणि मला तो पेढा गिळवायचा नाही.

हे मी अफसानाला कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं, ओरडत, भर प्रयोगशाळेत. “तूसुद्धा मला स्टुलावर बसवलंस,” असं म्हणाले.

कळफलकाचा आवाज आला, दोनतीन कळांचा. “काढली,” म्हणाली आणि निघून गेली.

पुढचे काही दिवस मी एकटीच होते. घरी बसून तिच्या कॅसेट पहिल्यापासून ऐकल्या. कीबोर्ड थेट प्रोसेसरशी बोलत नाही, मध्ये एक चिप असते. कळ दाबली की ती चिप प्रोसेसरला हाक मारते, ‘काम आलंय’. हे मला माहीत होतं. त्या चिपबद्दलचं प्रकरण अफसानाने इतक्या जांभया देत वाचलं होतं की तिथे मी नेहमी पुढे पळवायचे. या वेळी पळवलं नाही. तिच्या जांभयांच्या मध्येच ते वाक्य होतं. प्रोसेसरने काम संपवल्यावर त्या चिपला ‘संपलं’ असं कळवावं लागतं. नाही कळवलं तर ती पुढची हाक मारतच नाही, वाट बघत बसते.

मी काम करून घेत होते आणि ‘संपलं’ म्हणत नव्हते.

मी ती ओळ लिहिली. सगळ्या कळा वाजल्या. मग अफसानाच्या घरी फोन केला.

“ओळ सापडली,” मी म्हणाले. “तू काढलीस तीच असणार.”

“मग आता तुझी झाली,” ती म्हणाली. “आणि माझ्यावर परत असं ओरडलीस ना, तर पुढचं पुस्तक उलट्या क्रमाने वाचून देईन.”

परीक्षेला बाहेरून डॉ. हसबनीस नावाचे परीक्षक आले होते, पुण्याचे. पोरांमध्ये त्यांची दहशत होती. माझ्या आधीच्या मुलाला त्यांनी इतकं सोलून काढलं की तो बाहेर येऊन जिन्यावर बसूनच राहिला. मला हेवा वाटला त्याचा.

माझं नाव पुकारलं. आत गेले तेव्हा मगदूम सर हलक्या आवाजात बोलत होते. “ही आमची रेवती कुलथे. हिला दिसत नाही, पण फार जिद्दी मुलगी. म्हणजे तुम्ही आपलं…”

“सर,” मी मध्येच म्हणाले. “मशीन सुरू करू का?”

मगदूम सर थांबले. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि ते म्हणाले, “कर.” पुढे काही बोलले नाहीत. ते न बोलणं सोपं नव्हतं त्यांना, हे मला आता कळतं.

घरघर, टीं, खर्र, खर्र. मग माझे सूर.

“स्क्रीनवर काहीच नाही,” डॉ. हसबनीस म्हणाले. कोरडा, घाईतला आवाज. “काळी आहे.”

“स्क्रीन अजून केलेली नाही, सर. मला लागली नाही.”

“मग चालू आहे हे कशावरून?”

“कुठलीही कळ दाबा. ते काय म्हणतंय ते मी सांगते. कळफलक माझ्यापासून लांब धरा हवं तर.”

त्यांनी एक कळ दाबली. “एम,” मी म्हणाले. दुसरी. “झेड.” तिसरी. “ही जागा सोडायची कळ.” त्यांनी अशा बऱ्याच दाबल्या. मग प्रश्न सुरू झाले. बत्तीस बिटांत कशी गेलीस? तो तक्ता कशाला? ही ओळ इथे का, काढली तर काय होईल? मी सांगितलं, “पहिलं अक्षर येईल, दुसरं येणार नाही. मी त्यात बरेच दिवस घालवलेत.” ते हसले की काय कोण जाणे, नाकातून हवा सोडल्यासारखा आवाज आला.

आणि मग त्यांनी काहीतरी वेगळं केलं. दोन्ही हातांनी, सराईत टायपिस्टासारखं, खडखडखडखड असं एक लांबलचक वाक्य टाइप केलं. मशीन अक्षरं म्हणू लागलं. पहिली काही नीट आली. मग थांबलं.

“संपलं?” त्यांनी विचारलं. “मी तर याच्या चौपट लिहिलं. बाकीची कुठे गेली?”

मी नेहमी एक कळ दाबायचे, सहा सूर ऐकायचे, मग दुसरी दाबायचे. इतक्या वेगात कधी दाबल्याच नव्हत्या.

“विचार कर,” ते म्हणाले. आवाजात दया नव्हती. “मी थांबतो.”

मी विचार केला. कळ दाबली की प्रोसेसर हाकेला धावतो. धावून काय करतो? तिथेच उभा राहून सहा सूर वाजवतो. वाजवून झाल्याशिवाय परत येत नाही. तोवर पुढच्या हाका कोण ऐकणार? कीबोर्डच्या पोटात थोडी जागा असते, तेवढी भरली, आणि पुढची अक्षरं सांडली.

“चूक माझी आहे, सर. मी दारावरच बसून काम करतेय. अक्षर आत घ्यायचं, रांगेत ठेवायचं आणि लगेच दारात परत यायचं. वाजवायचं काम आत, सवडीने.”

“बरोबर. हे तुला आधी सुचायला हवं होतं. तुझा कर्नल दुसऱ्या कुणाच्या हातात टिकत नाही. मार्क कापावे लागतील.”

“हो, सर,” मी म्हणाले, आणि फ्लॉपी बाहेर काढली. “जेवणाच्या सुट्टीनंतर परत ऐकाल का? मार्कांसाठी नाही.”

“माझी संध्याकाळची गाडी आहे.”

“त्याआधी होईल.”

जेवले नाही. अफसाना शेजारी भडंगाची पुडी घेऊन बसली होती. मध्ये काहीतरी म्हणायला तिने श्वास घेतला आणि स्वतःच्याच तोंडात भडंग कोंबले. मी रांग लिहिली: एका बाजूने अक्षरं आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. फ्लॉपीवर उतरवली. मशीन सुरू केलं. सुरुवातीचे सूर आले आणि नंतर कुठलीच कळ वाजेना. एकही नाही. मी पहिल्यापासून परत ऐकलं. रांग रिकामी असताना प्रोसेसरला डुलकी घ्यायला सांगितलं होतं, पण त्याआधी हाका ऐकायचं दार उघडलंच नव्हतं. झोपलेल्याला उठवणार कोण? एक शब्द हवा होता. घातला.

“अफसाना, टाइप कर. जोरात. जे येईल ते.”

तिने कळफलकावर दोन्ही हात सोडले. थांबल्यावरही मशीन म्हणत राहिलं, एकामागून एक, सावकाश, एकही न सोडता. तिने काय टाइप केलं होतं ते इथे लिहिण्याजोगं नाही. मशीनने सगळं म्हटलं.

डॉ. हसबनीस आले तेव्हा त्यांची बॅग हातात होती, तिची कडी वाजली. ते बसलेही नाहीत. उभ्यानेच वाकून त्यांनी खडखडखड टाइप केलं आणि हात काढून घेतला.

मशीनने सुरू केलं. मी एकेक अक्षर मोठ्याने म्हणत गेले. पी. यू. डी. एच. ई. जागा. के. ए. वाय. बराच वेळ लागला. खोलीत कुणी हललं नाही. मगदूम सर, अफसाना, दारात गोळा झालेली पोरं, सगळे त्या बेडकांच्या भांडणाकडे कान लावून उभे होते.

“‘पुढे काय’,” मी म्हणाले. “तुम्ही विचारलंय, पुढे काय.”

“सांग मग.”

“आठवण, सर. आत्ता ते बंद केलं की सगळं विसरतं. लिहिलेलं डिस्कवर ठेवायला शिकवायचंय. त्याला बरेच महिने लागतील.”

“लागतील,” डॉ. हसबनीस म्हणाले. “अडकलीस तर मला लिही. मगदूमांकडे पत्ता आहे. मार्क मात्र सकाळी ठरले तेच.”

“तेच असू देत, सर.”

ते गेले. बाहेर रिक्षाला मारलेली त्यांची हाक ऐकू आली. मगदूम सर माझ्याजवळ आले. मला वाटलं खांद्यावर हात ठेवतील. पण ते म्हणाले, “ती रांग भरली तर काय होतं? किती अक्षरं मावतात तिच्यात?” आणि आम्ही तिथेच उभ्याने वाद घालत राहिलो. रांग भरली की नवीन अक्षर टाकून द्यावं, असं माझं म्हणणं. सरांचं म्हणणं, जुनं टाकावं. तो वाद आम्ही पुढे कित्येक वर्षं घातला, फोनवर, मी बेंगळुरूला यंत्रांच्या आतले प्रोग्रॅम लिहायला लागल्यावरही.

मिरजेला घरी पोचले तेव्हा आई नुकतीच ड्यूटीवरून आली होती. दार उघडता उघडताच तिने विचारलं, “झाली परीक्षा? किती दिले?”

“कापले, आई!” मी म्हणाले. “मार्क कापले त्यांनी!”

“अगं मग हसतेस काय?” तिने माझा हात धरला, तापबीप आहे का बघावं तसा. “कापले? का कापले? काय चुकलं तुझं?”

मला आजवर कुणी हे विचारलं नव्हतं. मी आईला हाताला धरून खुर्चीवर बसवलं, चपलाही न काढता तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि काय चुकलं ते पहिल्यापासून सांगायला लागले.